पिल्लू घरी आणताय? थोडे थांबा!

दिवाळी सरून थंडी पडू लागली की आपल्या जळगाव-धुळ्याकडे गल्लोगल्ली कुत्र्यांची पिल्ले दिसू लागतात. पावसाळ्याच्या अखेरीस माजावर आलेल्या कुत्र्या या सुमारास व्यायलेल्या असतात. शाळेतून येताना मुले एखादे गुबगुबीत पिल्लू पोटाशी धरून घरी आणतात आणि "आई, आपण हे पाळू या ना!" असा हट्ट सुरू होतो. ज्यांची ऐपत आहे ते नाशिक, पुणे, इंदूरहून जातिवंत पिल्लू मागवितात. मुलांचा वाढदिवस, वास्तुशांत किंवा शेजाऱ्याने आणले म्हणून, असे कोणतेही निमित्त पुरते. २००३ साली एका मोबाइल कंपनीच्या जाहिरातीत चपट्या नाकाचा पग जातीचा कुत्रा झळकला आणि देशभर पगची लाट आली. आता लांब केसांच्या हस्की जातीची पिल्लेही आपल्याकडे येऊ लागली आहेत.

धुळ्यात काही वर्षे आणि त्यानंतर जळगावात मी पशुवैद्यक म्हणून काम करीत आलो आहे. या सदरात एरवी माणसांच्या आरोग्याची चर्चा असते. तेथे कुत्र्याच्या पिल्लाचे काय काम, असे काही वाचकांना वाटेल. पण घरात आलेले पिल्लू त्याच अंगणात शी-शू करते, तीच फरशी चाटते आणि त्याच मुलांच्या अंथरुणात शिरते. त्याचे आरोग्य आणि घरातल्यांचे आरोग्य अशी वेगळी खाती ठेवता येत नाहीत. दुर्दैवाने पिल्लाची तयारी पिल्लू घरी आल्यानंतर सुरू होते. ती आधी व्हायला हवी, एवढेच आजच्या लेखाचे सांगणे आहे.

पिल्लू मुलाचे, काम आईचे

माझ्याकडे पिल्लू घेऊन येणाऱ्या कुटुंबात पहिल्या दिवशी सगळे असतात. वडील, मुले, कधी आजोबासुद्धा. पंधरा दिवसांनी एकट्या वहिनी येतात. पहाटे उठून फरशी पुसणे, दिवसातून तीन-चार वेळा खाऊ घालणे, कुरतडलेल्या चपला लपविणे हे सारे त्यांच्या वाट्याला आलेले असते. "डॉक्टरसाहेब, हे कधी मोठं होईल हो?" हा त्यांचा पहिला प्रश्न असतो.

त्यांना मी सांगतो की हे सारे स्वाभाविक आहे. लहान पिल्लू दिवसातले अठरा ते वीस तास झोपते. पण आपण झोपलो की नेमके ते जागे असते. आई आणि भावंडांच्या उबेतून उचलून आणलेले ते लेकरू पहिल्या काही रात्री रडणारच. त्याला बाहेर ओट्यावर किंवा गच्चीवर एकटे बांधले तर ते अधिकच रडते. एखाद्या खोक्यात जुने धोतर किंवा गोधडी घालून ते खोके रात्री आपल्या खाटेजवळ ठेवावे. आठवड्याभरात रडणे बहुधा थांबते.

शी-शूचेही तसेच आहे. दोन महिन्यांच्या पिल्लाला दोन-तीन तासांहून अधिक वेळ लघवी धरवत नाही. ते झोपून उठले, जेवले किंवा खेळून थांबले की लगेच त्याला अंगणातल्या ठरलेल्या जागी न्यावे आणि तेथे काम झाले की शाबासकी द्यावी. घरात घाण केली म्हणून त्याचे नाक त्यात घासणे किंवा त्याला झोडपणे ही पद्धत सर्रास दिसते. त्यातून पिल्लू एवढेच शिकते की माणसासमोर शी केली तर मार बसतो. मग ते पलंगाखाली जाऊन करते.

साक्री तालुक्यातल्या एका आजींनी हे मला फार सोप्या शब्दांत सांगितले होते. नातू पिल्लावर काठी उगारत होता. त्या म्हणाल्या, "हाई बी लेकरूच शे ना भाऊ!" याहून वेगळे मला सांगायचे नाही. घरात तान्हे मूल येणार म्हटल्यावर जी तयारी आपण करतो, तिच्या निम्मी तरी पिल्लासाठी करावी.

आईपासून लवकर तोडू नका

पुष्कळ लोक पंचवीस-तीस दिवसांचे पिल्लू आणतात. लहान आणले तर लळा लागतो, अशी समजूत आहे. ती घातक आहे. पिल्लू किमान आठ आठवडे आईजवळ राहिले पाहिजे. कुत्र्यांची पैदास व विक्री याविषयीच्या २०१७ च्या केंद्रीय नियमांनुसार आठ आठवड्यांच्या आतले पिल्लू विकताच येत नाही. तेव्हा दुधाचे दात पुरते न आलेले पिल्लू कोणी विकत असेल तर ते घेऊ नये.

या आठ आठवड्यांत पिल्लाला आईच्या दुधातून पोषण मिळतेच, शिवाय भावंडांशी खेळताना ते दातांचा जोर किती लावायचा हेही शिकते. भावाला कडकडून चावले की तो किंचाळतो आणि खेळ मोडतो. हा धडा न मिळालेले पिल्लू आपल्या मुलांना जोरात चावते आणि मग ते "खुनशी" ठरते.

दूध-भाकरीवर वाढत नाही

आपल्याकडे पिल्लू म्हटले की वाटीभर गाई-म्हशीचे दूध पुढे येते. कुत्रीचे दूध आणि म्हशीचे दूध यांत फरक आहे. गाई-म्हशीच्या दुधातली साखर पुष्कळ पिल्लांना पचत नाही, त्यांना हगवण लागते. वाढत्या पिल्लाला प्रथिने लागतात. उकडलेले अंडे, शिजवलेले बिनहाडाचे चिकन, भाताबरोबर थोडे ताजे दही, किंवा परवडत असेल तर पिल्लांसाठीचे तयार खाद्य द्यावे. तीन-चार महिन्यांपर्यंत दिवसातून तीन-चार वेळा थोडे थोडे द्यावे. शाकाहारी घरांनी पिल्लू आणण्यापूर्वीच आहाराबद्दल पशुवैद्यकाशी बोलावे. नुसत्या दूध-भाकरीवर वाढविलेल्या पिल्लांच्या पायांची हाडे वाकलेली मी नेहमी पाहतो.

आता आपल्या खानदेशी ताटाविषयी. उरलेली शेवभाजी, वांग्याचे भरीत, खिचडीवरची फोडणी हे सारे कौतुकाने पिल्लासमोर सरकविले जाते. त्यातल्या कांद्या-लसणाने कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात आणि त्याला पंडुरोग होतो. कांदा शिजवला म्हणून त्याचा दोष जात नाही. द्राक्षे व मनुका, चॉकलेट, साखरेऐवजी झायलिटॉल घातलेले च्युइंगगम हेही कुत्र्याला विषासारखे आहेत. शिजवलेली हाडे फुटून त्यांचे टोकदार तुकडे आतड्यात रुततात. पिल्लाला ताप आला म्हणून घरातली पॅरासिटामॉल किंवा आयबुप्रोफेनची गोळी तर कधीही देऊ नये. आणि अंग गरम लागले म्हणजे ताप असतोच असे नाही. कुत्र्याचे नेहमीचे तापमान सुमारे १०१ ते १०२ अंश फॅरनहाइट असते.

चार दिवसांत होत्याचे नव्हते

जळगावातल्या एका नोकरदार कुटुंबाने हौसेने लॅब्रॅडॉर जातीचे महिन्याचे पिल्लू आणले. विकणाऱ्याने "सगळी इंजेक्शने झाली आहेत" असे सांगितले. कागद मात्र काही दिला नाही. आठवड्याने पिल्लू खाईना, उलट्या सुरू झाल्या, मग रक्ताची दुर्गंधीयुक्त हगवण. सलाईन, इंजेक्शने सारे केले. चौथ्या दिवशी पिल्लू गेले. मुलगी दोन दिवस जेवली नाही. तिच्या समाधानासाठी वडिलांनी दहा दिवसांत दुसरे पिल्लू आणले आणि त्याच कोपऱ्यात, त्याच गोधडीवर ठेवले. तेही त्याच आजाराने आजारी पडले. नशिबाने ते वाचले.

हा आजार म्हणजे पार्व्हो. १९७० च्या दशकाच्या अखेरीस हा विषाणू जगभर पसरला. जानेवारी २०२२ मध्ये आपल्या शेजारच्या विदर्भात, अमरावतीत, पार्व्होची लागण झालेल्या पिल्लांची दवाखान्यांत रीघ लागल्याच्या बातम्या आल्या होत्या. हा विषाणू आजारी कुत्र्याच्या विष्ठेतून पडतो आणि माती-फरशीवर कित्येक महिने जिवंत राहतो. आपल्या चपलांनाही चिकटून तो घरात येतो. घरोघरी वापरल्या जाणाऱ्या फिनाईलचा त्यावर भरवसा धरता येत नाही. विरंजक चूर्णाचे, म्हणजे ब्लिचिंग पावडरचे, पाणी त्यासाठी वापरावे लागते. माणसाला हा आजार होत नाही, ही त्यातली दिलाशाची बाब.

लस का आणि कधी, हे नीट समजून घ्यावे. आईच्या पहिल्या दुधातून पिल्लाला रोगप्रतिकारक द्रव्ये मिळतात. ती आहेत तोवर लशीचा परिणाम होऊ देत नाहीत. आणि ती नेमकी कधी संपतील हे प्रत्येक पिल्लात वेगळे असते. म्हणून एक इंजेक्शन पुरत नाही. सहा ते आठ आठवड्यांच्या वयाला पहिली लस, त्यानंतर दर तीन-चार आठवड्यांनी एक, अशी सोळा आठवड्यांपर्यंत मालिका पुरी करावी लागते. याच लशीत डिस्टेंपर नावाच्या दुसऱ्या घातक रोगापासूनही संरक्षण असते. मालिका पुरी होईपर्यंत पिल्लाला रस्त्यावर, मेहरूण तलावाच्या काठी किंवा पांझरेच्या पात्रात फिरायला सोडू नये. लसीकरणाचे कार्ड, त्यावर तारीख, लशीची चिकटपट्टी आणि पशुवैद्यकाची सही असल्याखेरीज "सगळी इंजेक्शने झाली" या शब्दावर विश्वास ठेवू नये.

जंत पिल्लाच्या पोटातले आणि मुलांच्या

गोल जंतांच्या अळ्या आईच्या गर्भाशयातच पिल्लाच्या शरीरात शिरतात. त्यामुळे स्वच्छ घरात जन्मलेल्या पिल्लालाही जंत असू शकतात. फुगलेले पोट पाहून लोक "छान बाळसे धरले आहे" म्हणतात, ते पुष्कळदा जंतांनी फुगलेले असते. दुसऱ्या आठवड्यापासून दर पंधरा दिवसांनी तीन महिन्यांपर्यंत आणि पुढे सहा महिन्यांपर्यंत दरमहा, वजनाच्या प्रमाणात जंताचे औषध द्यावे.

याचा मुलांशी थेट संबंध आहे. या जंतांची अंडी मातीतून मुलांच्या नखांत आणि तेथून पोटात जातात. त्यांतून निघालेल्या अळ्या यकृतात, फुप्फुसात आणि क्वचित डोळ्यात जाऊन बसतात. डोळ्यातली अळी दृष्टी हिरावू शकते. मात्र ताज्या विष्ठेतली अंडी लगेच रोग देत नाहीत. मातीत दोन ते चार आठवडे गेल्यावर ती बाधक होतात. म्हणजे रोजची शी रोज उचलून टाकली तर धोका फार कमी होतो. पिल्लाशी खेळून झाल्यावर मुलांनी साबणाने हात धुवावेत. पिल्लाच्या कानातले गोचीड नखांनी चिरडू नयेत.

"पिल्लूच तर आहे, चावले तर काय होते?"

वाचकहो, हा लेख लिहिण्याचे खरे कारण हे वाक्य आहे. पिल्लू चावणारच. तिसऱ्या ते सहाव्या आठवड्यात त्याला अठ्ठावीस दुधाचे दात येतात. चार ते सहा महिन्यांत ते पडून पक्के बेचाळीस येऊ लागतात. हिरड्या शिवशिवतात, मग ते हात, धोतर, चप्पल जे मिळेल ते चावते. चावल्यावर खेळ थांबवावा आणि चघळायला दोरी किंवा खेळणे द्यावे. पण ज्या पिल्लाला रेबीजची लस झालेली नाही, त्याचे दात लागणे हा खेळ समजू नये. ही लस पिल्लाला तीन महिन्यांनंतर देतात. तोवर गल्लीतले पिसाळलेले कुत्रे त्याला चावलेले असेल तर दोन महिन्यांच्या पिल्लालाही रेबीज होऊ शकतो आणि ते तो पसरवू शकते.

धुळ्यात असताना एक गृहस्थ अडीच महिन्यांचे पिल्लू घेऊन आले. तीन आठवड्यांपूर्वी मुलाने ते गल्लीतून आणले होते. "घशात हाड अडकलंय, दोन दिवस काही गिळत नाही. मी बोट घालून पाहिलं, सापडलं नाही," ते म्हणाले. पिल्लाचा खालचा जबडा लोंबत होता, लाळ गळत होती, आवाज घोगरा झाला होता. हाड नव्हतेच. मी त्यांना बसविले आणि घरात कोणाकोणाला दात किंवा नखे लागली, ते विचारले. "कोणालाच नाही," असे उत्तर आले. मग सहा-सात वर्षांच्या मुलाला जवळ घेऊन विचारले. बराच वेळ तो गप्प राहिला आणि हळूच त्याने पोटरी दाखविली. चार दिवसांपूर्वीचा ओरखडा, त्यावर वाळलेली हळद. सांगितले तर पिल्लू घेऊन जातील, या भीतीने तो बोलला नव्हता. आजीला मात्र त्याने "तार लागली" असे सांगितले होते.

अहवालाची वाट न पाहता त्या घरातल्या चौघांना त्याच दिवशी सरकारी रुग्णालयात पाठविले. पिल्लू दुसऱ्या दिवशी मेले आणि तपासणीत रेबीजच निघाला. सर्वांची लस पुरी झाली. तो मुलगा सुखरूप आहे. त्याने आणखी दोन आठवडे तोंड उघडले नसते तर काय झाले असते, याचा विचार करवत नाही. कारण रेबीजची लक्षणे दिसू लागल्यावर माणूस वाचणे जवळजवळ अशक्य असते. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार या रोगाने जगात दरवर्षी सुमारे ५९,००० माणसे मरतात आणि त्यांत दहातली चार पंधरा वर्षांखालची मुले असतात.

म्हणून हे कापून ठेवावे असे सांगतो. दात लागला, ओरखडा उठला किंवा जखमेवर लाळ लागली की वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे जखम धुवावी. हळद, तिखट, चुना, तेल काहीही लावू नये. त्याच दिवशी रुग्णालयात जावे. रक्त आले नसले तरी लस लागते. रक्त आले असेल तर लशीबरोबर जखमेत व भोवती प्रतिद्रव्याचे इंजेक्शनही लागते. पोटात चौदा इंजेक्शने घेण्याची जुन्या लोकांची आठवण खरी आहे, पण मेंदूच्या पेशींपासून बनणारी ती सेंपल लस आपल्याकडे २००५ च्या सुमारास बंद झाली. आता सरकारी रुग्णालयात दंडाच्या त्वचेत पहिल्या, तिसऱ्या, सातव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवशी लस देतात. यात "पहिली" म्हणजे सुरुवातीचा दिवस. पुढचे दिवस त्यानंतर मोजायचे. ही लस मोफत असते आणि मधली एकही तारीख चुकवायची नसते.

आणि मुलांना रागावू नका. "पिल्लाचे दात लागले तर लगेच सांग, तुला कोणी बोलणार नाही," एवढे एक वाक्य पिल्लू घरी येण्याआधी मुलांशी बोलून ठेवा.

आपला उन्हाळा त्याला सोसेल का?

भुसावळ-जळगावचा पारा मे महिन्यात ४५ अंशांच्या घरात जातो, हे आपल्याला ठाऊक आहे. सायबेरियाच्या बर्फातल्या हस्कीला ते ठाऊक नसते. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. जीभ बाहेर काढून धापा टाकूनच ते उष्णता बाहेर टाकते. पगसारख्या चपट्या नाकाच्या जातींना तेही नीट जमत नाही. तरीही गच्चीवर पत्र्याच्या शेडखाली बांधलेली पिल्ले मी दर उन्हाळ्यात पाहतो. उष्माघात झालेले पिल्लू तासाभरात दगावू शकते. त्याला सावलीत घेऊन साध्या थंड पाण्याने भिजवावे, पंखा लावावा आणि लगेच दवाखान्यात न्यावे. डांबरी रस्त्यावर फिरविण्यापूर्वी आपल्या हाताची पालथी बाजू रस्त्यावर टेकवून पाहावी. आपल्याला पाच-सात सेकंद सोसवत नसेल तर त्याच्या पायांनाही सोसत नाही. आपल्या हवेला आपले गावठी पिल्लूच सर्वांत चांगले टिकते. केळीच्या बागा आणि कापसाची शेते पिढ्यान्पिढ्या त्यानेच राखली आहेत.

सोडून देणे हा उपाय नव्हे

हौस फिटली, की कित्येक जण सहा-आठ महिन्यांचे कुत्रे दुचाकीवर बसवून गावाबाहेर, एखाद्या ढाब्याजवळ सोडून येतात. "तेथे खायला मिळेल" अशी मनाची समजूत घालतात. घरात वाढलेले कुत्रे रस्त्यावर टिकत नाही. त्याची लसही चुकते. पुढच्या वर्षी कोणाच्या तरी मुलाला चावणाऱ्या कुत्र्यांत ते सामील होते. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने जनावर उपाशी-तहानलेले मरेल असे सोडून देणे हा गुन्हा आहे.

तेव्हा पिल्लू आणण्यापूर्वी घरातल्या सर्वांनी एकदा एकत्र बसावे. पुढची दहा-बारा वर्षे याला सांभाळायची तयारी आहे का? पहाटे कोण उठणार? गावाला गेलो तर ते कोणाकडे राहील? लस, जंताचे औषध, खाणे यांचा महिन्याचा खर्च झेपेल का? घरात रांगते मूल किंवा आजारी वडीलधारे असतील तर त्यांचे काय? जवळचा पशुवैद्यक कोण, सरकारी पशुवैद्यकीय दवाखाना कोठे आहे, रेबीजची लस कोणत्या रुग्णालयात मिळते? ही उत्तरे एका कागदावर लिहून तो भिंतीवर लावावा. उत्तरे मिळाली तर पिल्लू जरूर आणावे. त्याच्याइतका निर्मळ सोबती घराला मिळणे अवघड. एखादे उत्तर अडले तर यंदा थांबावे. पिल्ले काय, पुढच्या दिवाळीनंतरही गल्लीत असणारच आहेत.